काळ्या मोटारीचे गारूड

मोटार शर्यत म्हटली की भारतीय क्रीडारसिकांना फॉर्म्युला वन आठवते. शूमाकर आणि सेना ही नावे ओठांवर येतात. डेल अर्नहार्ट हे नाव आपल्याकडे फारसे कोणी ऐकलेले नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मात्र काळ्या रंगावर तिरका रेखलेला पांढरा '३' दिसला, की तो कोणाचा, हे कोणालाही सांगावे लागत नाही. १८ फेब्रुवारी २००१ रोजी फ्लोरिडातील डेटोना येथे शर्यतीच्या शेवटच्या फेरीत अर्नहार्टचा मृत्यू झाला. त्याला दोन तपांहून अधिक काळ लोटला, तरी मालवाहू पिकअप गाड्यांच्या मागच्या काचांवर, टोप्यांवर आणि दंडावरच्या गोंदणांत तो आकडा टिकून आहे. एका मोटारचालकावर इतकी निष्ठा का जडावी, आणि त्याच्या मृत्यूने या निष्ठेपुढे कोणता अवघड प्रश्न उभा केला, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

गावठी दारू ते कोट्यवधींचा खेळ

स्टॉक कार म्हणजे दुकानात विकत मिळते तशी मोटार. १९३० आणि ४०च्या दशकांत अमेरिकेच्या दक्षिणेत चोरटी दारू वाहून नेणारे तरुण पोलिसांना गुंगारा देण्यासाठी साध्या दिसणाऱ्या मोटारींच्या इंजिनांत फेरफार करीत. आठवडाभर पोलिसांना चकवणारे हे चालक सुटीच्या दिवशी धुळीच्या मैदानात एकमेकांशी पैजा लावत. या विस्कळित शर्यतींना नियमांच्या चौकटीत बसवले ते बिल फ्रान्स यांनी. त्यांच्या पुढाकाराने १९४८मध्ये 'नॅसकार' ही संस्था स्थापन झाली आणि १९४९मध्ये नव्या कोऱ्या मोटारींची पहिली अधिकृत शर्यत शार्लट येथे झाली. १९५९मध्ये डेटोनाचा अडीच मैलांचा (सुमारे चार किलोमीटर) भव्य ट्रॅक खुला झाला. त्याच्या वळणांचा उतार तब्बल ३१ अंशांचा आहे. तेथे होणारी ५०० मैलांची 'डेटोना ५००' ही शर्यत या खेळातील सर्वांत मानाची समजली जाते.

आजची शर्यतीची मोटार केवळ बाह्य आकाराने बाजारातल्या मोटारीसारखी असते. तरीही प्रेक्षकांचे नाते जुनेच राहिले. आपण चालवतो त्याच कंपनीची मोटार, आपल्यासारखाच बोलणारा चालक आणि दाराला दार घासत चाललेली झुंज हे या खेळाचे आकर्षण. चाळीस मोटारी एकमेकींना खेटून धावत असल्यामुळे येथे धक्काबुक्की ही चूक न मानता कौशल्याचा भाग मानली जाते. अर्नहार्टचे गारूड याच मातीतले आहे.

गिरणी कामगारांच्या गावातला मुलगा

डेलचा जन्म २९ एप्रिल १९५१चा, नॉर्थ कॅरोलिना राज्यातील कनॅपोलिस या गावचा. टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या कॅनन मिल्सच्या भोवती वसलेले हे अस्सल गिरणगाव. डेलचे वडील राल्फ यांनी गिरणीतील कामाऐवजी शर्यतींवर संसार चालवण्याचे धाडस केले. दक्षिणेतील छोट्या ट्रॅकवर त्यांचा दरारा होता आणि १९५६मध्ये त्यांनी नॅसकारच्या स्पोर्ट्समन गटाचे विजेतेपद मिळवले होते. घरामागच्या शेडमध्ये वडील मोटार दुरुस्त करीत असताना डेल तेथेच वाढला. नववीत त्याने शाळा सोडली. वडिलांना ते मुळीच रुचले नाही. १९७३मध्ये वयाच्या अवघ्या ४५व्या वर्षी राल्फ यांचे हृदयविकाराने निधन झाले. मुलाचा एकही मोठा विजय त्यांनी पाहिला नाही.

पुढची काही वर्षे हलाखीची होती. मिळेल ते काम करायचे, उसनवारी करून सुटे भाग घ्यायचे आणि शनिवार-रविवारच्या शर्यतींत बक्षीस मिळवून ती फेडायची, असा त्याचा क्रम होता. १९७५मध्ये शार्लटच्या ६०० मैलांच्या शर्यतीत त्याने वरिष्ठ गटात पदार्पण केले आणि तो २२वा आला. पूर्ण हंगामाची संधी मिळायला १९७९ साल उजाडले. त्या वर्षी ब्रिस्टल येथे त्याने पहिला विजय नोंदवला, सर्वोत्कृष्ट नवोदिताचा मान मिळवला आणि १९८०मध्ये थेट अजिंक्यपद पटकावले. नवोदिताचा मान आणि त्याच्या पुढच्याच वर्षी अजिंक्यपद, हे त्यापूर्वी कोणालाही साधले नव्हते.

पुढे रिचर्ड चिल्ड्रेस यांच्या संघात तो स्थिरावला आणि १९८६, १९८७, १९९०, १९९१, १९९३ व १९९४ अशी आणखी सहा अजिंक्यपदे त्याने मिळवली. रिचर्ड पेटी यांच्या सात अजिंक्यपदांच्या विक्रमाशी त्याने बरोबरी केली. २०१६मध्ये जिमी जॉन्सन हा या पंक्तीतील तिसरा ठरला. एकूण ७६ विजय अर्नहार्टच्या नावावर जमा आहेत.

गिरणीचा भोंगा ऐकत मोठ्या झालेल्या माणसांना या आकड्यांपेक्षा त्यामागची कहाणी अधिक भिडली. आपल्यातलाच एक, शिक्षण नसलेला, हाताला ग्रीस लागलेला मुलगा मोठमोठ्या कंपन्यांच्या दारात ताठ मानेने उभा राहतो, याचे त्यांना अप्रूप होते. त्याचा विजय हा त्यांना आपल्या वस्तीचा विजय वाटे.

धाक घालणारा

'इंटिमिडेटर', म्हणजे धाक घालणारा, हे त्याचे टोपणनाव. १९८८पासून त्याची शेवरोले मोटार काळ्या रंगात रंगली आणि हे नाव अधिकच घट्ट चिकटले. समोरच्याच्या आरशात ती काळी मोटार दिसू लागली की भल्याभल्यांचा ठोका चुकत असे. वाट मिळाली नाही, तर तो मागच्या बंपरला हलकासा धक्का देऊन ती तयार करी.

१९८७मध्ये शार्लटच्या एका शर्यतीत बिल एलियटशी झगडताना त्याची मोटार ट्रॅक सोडून गवतात गेली. ताशी दीडशे मैलांच्या आसपासच्या वेगात तिच्यावर ताबा ठेवून तो आघाडी न गमावता पुन्हा ट्रॅकवर आला आणि जिंकला. चाहते आजही या प्रसंगाला 'गवतातून मारलेली मुसंडी' म्हणतात आणि त्याने तेथे एलियटला मागे टाकल्याचे सांगतात. वास्तविक तो आधीपासूनच पुढे होता. दंतकथा अशीच घडते.

मात्र सारेच प्रेक्षक त्याच्यावर खूश होते असे नव्हे. १९९९मध्ये ब्रिस्टलच्या रात्रीच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत त्याच्या धक्क्याने टेरी लबॉन्टीची मोटार गरकन फिरली आणि अर्नहार्ट जिंकला. त्याला भिववायचे होते, पाडायचे नव्हते, असा त्याचा खुलासा. त्या रात्री हजारो प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याच्या चाहत्यांना त्याचेही काही वाटले नाही. हुर्यो हा त्याच्या दराऱ्याचाच पुरावा, असे त्यांचे म्हणणे.

नव्वदच्या दशकात जेफ गॉर्डन हा देखणा, सफाईदार बोलणारा तरुण पुढे आला आणि प्रेक्षकांत सरळ दोन तट पडले. अर्नहार्टने गॉर्डनच्या कोवळ्या वयाची थट्टा करीत, हा जिंकला तर समारंभात दूध पिईल, असा टोला मारला होता. १९९५चे अजिंक्यपद मिळवल्यावर गॉर्डनने त्या समारंभात खरोखरच दुधाचा पेला उंचावून त्याला अभिवादन केले. मैदानाबाहेर दोघांचे संबंध सलोख्याचे होते. चाहत्यांच्या लेखी मात्र हा जुन्या आणि नव्या दक्षिणेचा झगडा होता.

दुखापतींबाबतचा त्याचा बेदरकारपणाही याच प्रतिमेचा भाग होता. जुलै १९९६मध्ये टॅलाडेगा येथील भीषण अपघातात त्याचे गळपट्टीचे आणि छातीचे हाड मोडले. दोनच आठवड्यांनी वॉटकिन्स ग्लेनच्या वळणावळणांच्या ट्रॅकवर त्याने सर्वांत वेगवान फेरी नोंदवून अग्रस्थान मिळवले आणि शर्यतीत तो सहावा आला.

वीस वर्षांची प्रतीक्षा

इतके सारे जिंकणाऱ्या अर्नहार्टला एक शर्यत हुलकावणी देत राहिली. डेटोनाच्या ट्रॅकवर विविध गटांतील ३४ शर्यती त्याने जिंकल्या, पण 'डेटोना ५००' हाती लागेना. १९८६मध्ये अखेरच्या टप्प्यात इंधन संपले. १९९०मध्ये तो शेवटच्या फेरीत आघाडीवर असताना टायर फाटले आणि डेरिक कोप हा अनपेक्षित विजेता ठरला. १९९३मध्ये डेल जॅरेटने शेवटच्या फेरीत त्याला मागे टाकले. १९९७मध्ये त्याची मोटार उलटीपालटी झाली. रुग्णवाहिकेपर्यंत गेल्यावर त्याला दिसले, की मोटारीची चारही चाके जागेवर आहेत. तो परत फिरला, मोटारीत बसला आणि मोडक्या अवस्थेत शर्यत पूर्ण करून ३१वा आला. विजयाइतकाच हा ३१वा क्रमांक चाहत्यांच्या आठवणीत आहे.

अखेर १५ फेब्रुवारी १९९८ रोजी, विसाव्या प्रयत्नात, त्याने ती शर्यत जिंकली. आजारी मुलांच्या भेटीत एका लहान मुलीने त्याला शुभशकुन म्हणून एक सेंटचे नाणे दिले होते. ते त्याने मोटारीतील फळीवर चिकटवले होते. विजयानंतर तो पिट मार्गावरून येऊ लागला तेव्हा प्रतिस्पर्धी संघांचे झाडून सारे कर्मचारी रांगेत उभे राहिले आणि त्यांनी त्याच्याशी हस्तांदोलन केले. ज्याच्या धाकाची तक्रार करण्यात त्यांची वर्षे गेली होती, त्याचाच हा सन्मान होता.

ऑक्टोबर २०००मध्ये टॅलाडेगा येथे त्याने अखेरचा विजय मिळवला. शर्यत संपायला जेमतेम पाच फेऱ्या उरल्या असताना तो १८व्या स्थानावर होता. पुढच्या मोटारीमागे तयार होणाऱ्या हवेच्या पोकळीचा लाभ घेत, एकेका रांगेतून वाट काढत तो पहिला आला. त्याला हवा डोळ्यांनी दिसते, असे त्याच्या बरोबरीचे चालकही म्हणत. तेव्हा तो ४९ वर्षांचा होता.

शेवटची फेरी

२००१च्या 'डेटोना ५००'च्या अंतिम फेरीत मायकेल वॉल्ट्रिप पहिला, डेलचा मुलगा डेल अर्नहार्ट ज्युनियर दुसरा आणि स्वतः डेल तिसरा होता. पुढच्या दोन्ही मोटारी डेलच्याच मालकीच्या संघाच्या होत्या. आयुष्यभर पुढे जाण्यासाठी धक्के देणारा हा चालक त्या दिवशी मागच्यांना अडवून आपल्या माणसांना वाट करून देत होता. चौथ्या वळणाजवळ स्टर्लिंग मार्लिनच्या मोटारीशी त्याचा संपर्क झाला. काळी मोटार आधी खाली घसरली, मग वर वळली, केन श्रेडरच्या मोटारीला धडकली आणि ताशी सुमारे १६० मैल वेगाने बाहेरच्या काँक्रीटच्या भिंतीवर आदळली.

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर तो अपघात फारसा भयंकर दिसला नाही. याहून कितीतरी भीषण अपघातांतून तो चालत बाहेर आला होता. वॉल्ट्रिप कारकिर्दीतील ४६३व्या शर्यतीत पहिला विजय साजरा करीत होता. आपल्याला जिंकून देणारा माणूस गेला आहे, याची त्याला कल्पनाही नव्हती. संध्याकाळी नॅसकारचे अध्यक्ष माइक हेल्टन यांनी अर्नहार्टच्या निधनाची घोषणा केली. कवटीच्या तळाच्या हाडाला झालेला भंग हे मृत्यूचे कारण होते.

शोक आणि संताप

चाहत्यांच्या भक्तीची काळी बाजूही या दिवसांत दिसली. मार्लिनला शिवीगाळ करणारी पत्रे आणि ठार मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. ज्या धक्क्यांवर अर्नहार्टची कीर्ती उभी होती, तसाच एक संपर्क त्याच्या वाट्याला आल्यावर त्याच्या चाहत्यांना गुन्हेगार हवा होता. अखेर डेल ज्युनियर आणि वॉल्ट्रिप यांनी जाहीरपणे मार्लिनची बाजू घेतली. ऑगस्ट २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॅसकारच्या चौकशी अहवालात श्रेडरच्या मोटारीशी झालेली टक्कर, भिंतीवर आदळण्याचा कोन आणि तुटलेला आसनपट्टा अशी अनेक कारणे एकत्र मांडण्यात आली. कोणा एका चालकावर ठपका ठेवण्यात आला नाही.

शवविच्छेदनाच्या छायाचित्रांवरूनही वाद पेटला. ती तज्ज्ञांकडून तपासून घ्यावीत, अशी वृत्तपत्रांची मागणी होती. ती उघड होऊ नयेत म्हणून पत्नी टेरेसा यांनी न्यायालयात धाव घेतली. फ्लोरिडा राज्याने मार्च २००१मध्ये कायदा करून अशी छायाचित्रे गोपनीय ठरवली. जनतेचा माहितीचा हक्क आणि कुटुंबाचे खासगी दुःख यांतील हा पेच अमेरिकेतील पत्रकारितेत पुढे बराच काळ चर्चेत राहिला.

त्याच्या जागी केविन हार्विक या नवोदिताला बसवण्यात आले. मोटारीचा रंग पांढरा आणि क्रमांक २९ करण्यात आला. अपघातानंतरच्या तिसऱ्याच शर्यतीत, ११ मार्च रोजी अटलांटा येथे, हार्विकने गॉर्डनला ०.००६ सेकंदाने मागे टाकले. त्या हंगामात प्रत्येक शर्यतीच्या तिसऱ्या फेरीला समालोचक मौन पाळत आणि प्रेक्षक तीन बोटे उंचावून उभे राहत. जुलैमध्ये ज्या ट्रॅकने वडिलांना नेले, त्याच डेटोनावर डेल ज्युनियर जिंकला.

मृत्यूने शिकवलेले

अर्नहार्टचा मृत्यू हा सुटा अपघात नव्हता. त्याआधीच्या दहा महिन्यांत नॅसकारच्या विविध गटांत ॲडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर हे तीन तरुण डोक्याच्या आणि मानेच्या दुखापतींनी दगावले होते. त्यांतील ॲडम हा रिचर्ड पेटी यांचा नातू, अवघ्या १९ वर्षांचा. भिंतीवर आदळल्यावर आसनपट्टे धड जागेवर धरून ठेवतात, परंतु हेल्मेटसह डोके पुढे झेपावते आणि सारा ताण कवटीच्या तळाशी येतो, हे या मृत्यूंमागचे शास्त्र होते.

यावरचा उपाय उपलब्ध होता. मिशिगन स्टेट विद्यापीठातील प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, शर्यतचालक जिम डाउनिंग यांनी १९८०च्या दशकातच 'हान्स' हे साधन विकसित केले होते. खांद्यांवर बसणारी ही कडक पट्टी हेल्मेटला दोऱ्यांनी जोडलेली असते आणि डोक्याला पुढे झेप घेऊ देत नाही. ते अवजड वाटते, हालचालींना अडथळा होतो, या सबबींवर बहुतेक चालकांनी त्याकडे पाठ फिरवली होती. अर्नहार्टनेही ते वापरले नव्हते. चेहरा उघडा ठेवणारे जुन्या धाटणीचे हेल्मेट तो अखेरपर्यंत वापरत राहिला. वेगाची भीती वाटणाऱ्यांनी घरी बसावे, असे तो २०००मध्ये बोलून गेला होता आणि चाहत्यांनी त्या बोलण्याला दाद दिली होती.

त्याच्यासारखा पोलादी माणूस जाऊ शकतो, हे पाहिल्यावर मात्र सबबी संपल्या. ऑक्टोबर २००१मध्ये नॅसकारने वरिष्ठ गटांत डोके व मान सुरक्षित ठेवणारे साधन सक्तीचे केले. नेब्रास्का विद्यापीठात विकसित झालेली, पोलादी नळ्या आणि फोमचे ठोकळे यांची धक्का शोषून घेणारी भिंत २००२मध्ये इंडियानापोलिसला प्रथम बसवण्यात आली आणि पुढे अन्य ट्रॅकवरही आली. २००७मध्ये आलेल्या नव्या रचनेच्या मोटारीत चालकाची जागा दारापासून दूर, मध्याकडे सरकवण्यात आली. सेनाच्या १९९४मधील मृत्यूनंतर फॉर्म्युला वनने जे केले, त्याच वाटेने नॅसकार सात वर्षांनी निघाली. अर्नहार्टनंतर नॅसकारच्या सर्वोच्च गटातील शर्यतीत एकाही चालकाचा मृत्यू झालेला नाही.

१७ फेब्रुवारी २०२० रोजी याची प्रचिती आली. 'डेटोना ५००'च्या शेवटच्याच फेरीत रायन न्यूमनची मोटार भिंतीवर आदळून उलटली आणि मागून आलेली मोटार थेट त्याच्या बाजूवर धडकली. पाहणाऱ्यांना २००१ आठवले. दोन दिवसांनी न्यूमन आपल्या दोन मुलींचे हात धरून रुग्णालयातून चालत बाहेर पडला.

आकडा आणि वारसा

तेरा वर्षे नॅसकारच्या सर्वोच्च गटात ३ क्रमांकाची मोटार धावली नाही. २०१४मध्ये चिल्ड्रेस यांचा नातू ऑस्टिन डिलन याने तो क्रमांक पुन्हा ट्रॅकवर आणला, तेव्हा जुन्या चाहत्यांत मतभेद झाले. काहींना तो पावित्र्यभंग वाटला. आकडा जिवंत राहिला म्हणून काही सुखावले. २०१८मध्ये, अर्नहार्टच्या विजयाला बरोबर वीस वर्षे झाली असताना, डिलनने याच क्रमांकावर 'डेटोना ५००' जिंकली. कनॅपोलिसमधील गिरणी २००३मध्ये कायमची बंद पडली आणि हजारो कामगार एका दिवसात बेकार झाले. गावात अर्नहार्टचा पूर्णाकृती कांस्य पुतळा मात्र उभा आहे. २०१०मध्ये नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये दाखल झालेल्या पहिल्या पाच जणांत त्याचा समावेश होता.

अर्नहार्टचा जुना चाहता आजच्या शर्यतींबद्दल हमखास एक तक्रार करतो: पूर्वीची धग राहिली नाही, चालक फार जपून खेळतात. या तक्रारीत तथ्य असेलही. परंतु ज्या निर्भयतेवर तो चाहता लुब्ध झाला, तिची किंमत अर्नहार्टने मोजली, आणि नंतर आलेल्या चालकांना ती मोजावी लागू नये, अशी व्यवस्था त्याच्या मृत्यूमुळे झाली. सात अजिंक्यपदे आणि ७६ विजय हा त्याच्या कारकिर्दीचा हिशेब आहे. खांद्यांवर पट्टी बांधून मोटारीत बसणारा आणि अपघातानंतर घरी परतणारा प्रत्येक चालक हा त्याने मागे ठेवलेला दुसरा वारसा होय. तिसऱ्या फेरीला बोटे उंचावणाऱ्यांनी या दुसऱ्या वारशाचीही आठवण ठेवायला हवी.